ऑल्डबरोचे तारू

आपल्या धर्मग्रामातील गायकवृंदाचा एखादा जुना मास्तर देवाघरी जातो. त्याच्या नावाने मिस्सा होते, चर्चच्या आवारात संगमरवरी फलक बसतो, त्यावर पुष्पहार चढतो. मग पुढचा नाताळ येतो, आणि त्याने बसवलेले चार आवाजांतील गाणे एका आवाजात म्हटले जाते, कारण उरलेले तीन आवाज शिकविणारे कोणी राहिलेले नसते. फलक मात्र भिंतीवर असतो. स्मृती जपली असे आपण समजतो. वस्तुतः तेथे फक्त नाव जपलेले असते.

संस्थापकाच्या पश्चात त्याने लावलेले रोप कसे टिकवावे, हा प्रश्न आपल्यापुरता नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफक परगण्यात, ऑल्डबरो नावाचे एक लहानसे कोळी गाव आहे. तेथे १९४८ पासून भरणाऱ्या संगीत महोत्सवाने या प्रश्नाला दिलेले उत्तर तपासण्याजोगे आहे. ते सर्वस्वी निर्दोष नाही, आणि म्हणूनच त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

संगीतकार बेंजामिन ब्रिट्टन, त्यांचे आयुष्यभराचे सोबती व गायक पीटर पिअर्स आणि नाट्यदिग्दर्शक-लेखक एरिक क्रोझियर हे या महोत्सवाचे तीन संस्थापक. १९४७ च्या उन्हाळ्यात आपली ऑपेरा मंडळी घेऊन ते युरोपात फिरत होते. परक्या गावी जाऊन गाण्यासाठी एवढा खर्च आणि एवढी यातायात करण्यापेक्षा आपल्याच गावी, मित्रांना बोलावून, चार मैफली का करू नयेत, ही कल्पना त्या प्रवासात पिअर्स यांना सुचली. पुढच्याच वर्षी ५ जूनला महोत्सव सुरू झाला. ऑपेरासाठी गावचे ज्युबिली हॉल होते. त्यात जेमतेम तीनशे माणसे मावत. पहिल्या दिवशी गावच्या चर्चमध्ये ब्रिट्टन यांचे 'संत निकोलस' गायिले गेले. त्याची शब्दरचना क्रोझियर यांची. या कृतीत दोन ठिकाणी श्रोत्यांनी उभे राहून गायकांबरोबर स्तोत्रगीत म्हणायचे असते. तिकीट काढून आलेल्या माणसाला गप्प बसू द्यायचे नाही, हा ब्रिट्टन यांचा बाणा तेथपासूनच दिसतो.

या बाण्याचे पूर्ण फळ म्हणजे 'नोहाचा जलप्रलय'. १८ जून १९५८ रोजी शेजारच्या ऑर्फर्ड गावच्या चर्चमध्ये तो प्रथम सादर झाला. शब्द मध्ययुगातील चेस्टर नगराच्या धार्मिक नाटकाचे. त्या काळी अशी नाटके कारागिरांच्या संघांनी रस्त्यावर उभी केलेली असत. ब्रिट्टन यांनी नोहा, त्याची पत्नी आणि देवाची वाणी एवढ्याच भूमिका मोठ्यांना दिल्या. नोहाचे मुलगे, सुना, तारवात शिरणारे पशुपक्षी ही सारी परगण्यातील शाळांची मुले. वाद्यवृंदातही मोजके व्यावसायिक वादक सोडले तर बाकी मुलेच. प्राण्यांची रांग येते तेव्हा बिगुल वाजतात. पावसाचे पहिले थेंब पडतात ते दोरीला टांगलेल्या चहाच्या मगांवर लाकडी चमचे मारून. शेवटी इंद्रधनुष्य उमटते तेव्हा हातघंटा किणकिणतात.

ही सारी गंमत आहे असे कोणी म्हणेल, पण समीक्षकाने थांबावे ते येथेच. नुकतेच व्हायोलिन हाती धरलेल्या मुलाला बोट न टेकवता फक्त मोकळ्या तारा छेडता येतात. ब्रिट्टन यांनी त्या मुलासाठी मोकळ्या तारांचाच भाग लिहिला, आणि तो असा लिहिला की तो गाळला तर रचनेला भोक पडते. मुलांवर दया करून त्यांना कोपऱ्यात उभे केलेले नाही. त्यांच्या तोकड्या सामर्थ्यातूनच ती रचना उभी राहिली आहे. वादळाचा प्रवेश एकाच सुरावटीच्या आवर्तनांवर रचला आहे. एकेक आवर्तनागणिक पाणी चढते, आणि वादळ ऐन भरात असताना समुद्रावरील संकटग्रस्तांसाठीचे प्रसिद्ध स्तोत्रगीत सुरू होते. ते प्रथम तारवातले म्हणतात, मग बाकांवर बसलेले सर्वजण. त्या क्षणी चर्च हेच तारू होते. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र या किनाऱ्यावर चढून आला होता आणि खुद्द ब्रिट्टन यांच्या घरात पाणी शिरले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या श्रोत्यांनी ते गीत कोणत्या भावनेने म्हटले असेल हे निराळे सांगावे लागत नाही.

मगांची युक्ती इमोजेन होल्स्ट यांची. संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांची ही कन्या १९५२ मध्ये ब्रिट्टन यांची साहाय्यक म्हणून ऑल्डबरोला आली. तत्पूर्वी, १९५०-५१ च्या हिवाळ्यात, ती आपल्या शांतिनिकेतनात राहून गेली होती. खेड्यापाड्यांतील हौशी मंडळींकडून गाऊन-वाजवून घेण्यात तिचा हातखंडा होता. महोत्सवाचा इतिहास लिहिताना दोन थोर पुरुषांची नावे पुढे येतात. पण ज्या महोत्सवाला गाव आपले म्हणू शकले, त्यामागे या बाईचे कष्ट होते. क्रोझियर तर काही वर्षांतच दुरावले, आणि आज तिसरे संस्थापक म्हणून त्यांचे नाव क्वचितच कोणी घेते. स्मृतीही पक्षपात करते, तो असा.

१९६७ मध्ये महोत्सवाला मोठे घर मिळाले. स्नेप गावी, नदीकाठी, बार्लीला मोड आणून माल्ट बनविण्याची जुनी विटांची कोठारे रिकामी पडली होती. त्यांतील एकात सुमारे आठशे आसनांचे सभागृह बांधले गेले. दोनच वर्षांनी, १९६९ च्या महोत्सवाच्या पहिल्याच रात्री, ते आगीत भस्मसात झाले. तरी महोत्सव थांबला नाही. तेथे व्हावयाचा मोझार्टचा 'इडोमेनेओ' ब्लायबरो गावच्या चर्चमध्ये हलविण्यात आला, आणि पुढच्या जूनपर्यंत सभागृह पुन्हा उभे राहिले. घर जळाल्यावर चर्चची दारे उघडी होती, कारण महोत्सव मुळात चर्चमधूनच वाढला होता.

खरी परीक्षा पुढे आली. ४ डिसेंबर १९७६ रोजी ब्रिट्टन निवर्तले. गावच्या चर्चच्या दफनभूमीत स्नेपच्या नदीकाठचे बोरू अंथरलेल्या कबरीत त्यांना ठेवले गेले. पंधरा दिवसांनी, १९ डिसेंबरला, त्यांची तिसरी तंतुचौकडी स्नेपच्या सभागृहात प्रथमच वाजविली गेली. म्हणजे निरोपाची मैफलही नव्या कृतीची होती. चर्चमध्ये जॉन पायपर यांनी आराखडलेली रंगीत काचेची खिडकी बसली. तिच्यात ब्रिट्टन यांच्या तीन चर्च-नाटिका आहेत : मेलेल्या मुलाच्या शोधात नदीकाठी आलेली आई, धगधगत्या भट्टीतील तीन तरुण आणि उधळ्या पुत्र. खिडकी सुंदर आहे. पण खिडकीने महोत्सव चालत नाही, हे पिअर्स यांनी ओळखले होते.

मागे राहिलेल्या सोबत्याला मोह कोणता होतो? गेलेल्याच्या कृती वर्षानुवर्षे जशाच्या तशा करीत राहण्याचा. पिअर्स यांनी त्या कृती तर केल्याच, पण आपले बळ वेचले ते शाळेवर. तरुण गायकवादकांचे वर्ग १९७२ पासून भरत होते. १९७९ मध्ये स्नेपच्याच एका कोठारात शाळेची स्वतंत्र इमारत सुरू झाली. १९८० मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचे गाणे थांबले. शिकविणे थांबले नाही. ३ एप्रिल १९८६ रोजी मृत्यू येईपर्यंत ते शिकवीत होते. आज ते ब्रिट्टन यांच्या शेजारी निजलेले आहेत, आणि १९८४ मध्ये वारलेल्या इमोजेन होल्स्ट त्यांच्या जवळच.

महोत्सव जगला त्याचे आणखी एक कारण आहे. १९६८ मध्ये हॅरिसन बर्टविसल यांचा 'पंच अँड ज्युडी' हा कर्कश, हिंस्र ऑपेरा येथे प्रथम झाला. ब्रिट्टन तो अर्ध्यावर सोडून उठून गेले असे सांगतात. पण त्यांच्या नावडीला पुढे कोणी कायदा केले नाही. २००९ मध्ये त्याच बर्टविसल यांची नवी कृती ऑल्डबरोलाच प्रथम सादर झाली. ऑलिव्हर नसन, थॉमस आडेस यांसारखे संगीतकार, पुढे पिअर-लोराँ एमार यांच्यासारखा फ्रेंच पियानोवादक, असे कलादिग्दर्शक आले आणि प्रत्येकाने आपापली आवड आणली. संस्थापकाची आवडनिवड म्हणजे वारसा नव्हे. नव्याला जागा देण्याची त्याची वृत्ती हा वारसा, हा विवेक येथे दिसतो.

मग उणे काय? माझ्या मते उणे एकच, पण ते लहान नाही. तीनशेंचे सभागृह आठशेंचे झाले, स्वर निर्मळ झाले, जगभरचे कलावंत आले. आणि हळूहळू गाव यजमान झाले, गायक राहिले नाही. घरे सुट्टीपुरती येणाऱ्यांनी घेतली. २००३ मध्ये ब्रिट्टन यांच्या स्मरणार्थ किनाऱ्यावर मॅगी हॅम्बलिंग यांनी घडविलेला पोलादाचा भव्य शिंपला उभा राहिला, तेव्हा गावात उभी फूट पडली, आणि त्याला रंगही फासले गेले. शिल्पाचे गुणदोष क्षणभर बाजूला ठेवू. ज्या माणसाने गावातल्या पोरांच्या हाती मग आणि चमचे दिले, त्याचे स्मारक गावातल्या अनेकांना परके वाटावे, यात विचार करण्यासारखे काही आहे. मगावर चमचा मारलेल्या मुलाला महोत्सव आपला वाटतो. आसनावर बसलेल्याला तो चांगला वाटतो. या दोहोंतले अंतर ओळखणे हेच अशा संस्थेचे व्रत असावयास हवे.

ऑल्डबरोने ते सर्वस्वी विसरलेले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ब्रिट्टन यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९१३ चा, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सेसिलिया हिच्या सणाचा. त्या संतेवर त्यांनी १९४२ मध्ये एक गीत रचले, आणि १९५९ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर येथील कॅथलिक कॅथीड्रलच्या मुलांसाठी एक छोटी मिस्साही रचली. २०१३ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी देशोदेशींच्या शाळकरी मुलांनी त्यांची बालगीते गायिली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, ज्या समुद्रावरून 'पीटर ग्राइम्स' सुचला, त्याच्याच वाळूवर तो ऑपेरा उभा राहिला. २०२० मध्ये महामारीमुळे महोत्सव भरला नाही. तरी तो संपला नाही. त्याच वर्षी ब्रिट्टन-पिअर्स यांचे घर सांभाळणारी संस्था आणि स्नेपची संस्था एक झाल्या. स्मृतीचे घर आणि कामाचे घर एका छपराखाली यावे, ही गोष्ट मला सर्वांत आशादायक वाटते.

आपल्याकडे कोठारे नाहीत, आठशे आसने नाहीत. पण २२ नोव्हेंबर दरवर्षी येतो, आणि त्या दिवशी आपले गायकवृंदही संत सेसिलियाचा सण साजरा करतात. दिवंगत मास्तरांचे नाव तेव्हा आदराने घेतले जाते. यंदा नाव घेण्याआधी वृंदातल्या सर्वांत लहान मुलाकडे एकवार पाहावे. त्याला जेवढे येते तेवढ्यातच बसेल असा एखादा आवाज त्याच्यासाठी कोणी लिहिला आहे का, आणि तो शिकविण्यासाठी शनिवारची संध्याकाळ कोणी मोकळी ठेवली आहे का, हे विचारावे. फलक त्यानंतर पुसला तरी चालेल.