अफवा नाकारणे आणि धोका नाकारणे

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणापर्यंत, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानापर्यंत आलो होतो. आज एका ग्रंथाच्या आधाराने पुढे जाऊ. रॉबर्टा वोल्स्टेटर यांचा पर्ल हार्बरवरचा हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी हवाई बेटांतल्या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला. २,४०० हून अधिक अमेरिकी माणसं मेली. इतके इशारे हाताशी असताना हा हल्ला आधी कळला कसा नाही, हा ग्रंथाचा प्रश्न.

बाईंचं उत्तर असं, की खरे संकेत होते, पण ते गोंगाटात बुडून गेले होते. हल्ला होऊन गेल्यावर कोणता संकेत खरा होता हे कुणीही सांगेल. त्याआधी सांगणं कठीण. या मांडणीचं मोल आम्ही कमी लेखत नाही. ‘अधिकारी मूर्ख होते’ किंवा ‘वरच्यांना सगळं ठाऊक होतं’ अशी दोन स्वस्त उत्तरं तोवर बाजारात होती. त्यांच्यापासून या ग्रंथाने विचारी वाचकाला सोडवलं. आमची तक्रार आहे ती संकेत आणि गोंगाट या जोडीबद्दल. एक उदाहरण तपासू, म्हणजे तक्रार कळेल.

२७ जानेवारी १९४१. टोकियोतले अमेरिकी राजदूत जोसेफ ग्रू वॉशिंग्टनला तार करतात. अमेरिकेशी बिघडलंच तर जपान पर्ल हार्बरवर सर्व बळानिशी अचानक हल्ला करणार, असं पेरूच्या वकिलाने आमच्या एका सहकाऱ्याला सांगितलं, असा मजकूर. बेत अचाट वाटतो, पण अनेकांकडून कानावर आला म्हणून कळवतो, अशी पुस्तीही त्या वकिलाने जोडली होती. ही तार नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाकडे गेली. १ फेब्रुवारीला विभागाने ती ॲडमिरल किमेल यांना कळवली. किमेल यांनी पॅसिफिक ताफ्याची सूत्रं हाती घेतली तो हाच दिवस. सोबत विभागाने आपला अभिप्राय दिला. त्याचे भाग दोन. एक, या अफवांवर आमचा विश्वास नाही. दोन, पर्ल हार्बरवर हल्ला नजीक आलेला दिसत नाही आणि नजीकच्या भविष्यासाठी तसा बेतही दिसत नाही.

आता बघा. पहिला भाग आमच्या मते बरोबर होता. पुढे हल्ला खरोखर झाला, म्हणून तो चुकीचा ठरत नाही. आपल्या नैयायिकांनी अशा सांगण्याला ‘ऐतिह्य’ म्हटलं आहे: लोक असं म्हणतात, पण मूळ म्हणणारा कोण ते ठाऊक नाही. वडावर यक्ष राहतो, हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. मूळ वक्ताच सापडत नसेल तर तो आप्त आहे की नाही, हे तपासणार कसं? ‘अनेकांकडून ऐकलं’ म्हटल्यानेही भागत नाही. पाच घरी पाणी आलं म्हणून पाच विहिरी आहेत असं होत नाही. शिवाय नौदलाचा गुप्त बेत परक्या देशाच्या वकिलाला कळणार कुठून? बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं. ती अफवा बेतातून गळलेली असो की कुणाच्या तर्कातून उठलेली असो, त्या दिवशी ती विश्वासार्ह नव्हती.

चूक आहे दुसऱ्या भागात. साक्ष कच्ची आहे, म्हणून साक्षीतली गोष्टच नाही, ही उडी तिथे मारली गेली. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगतो. तिच्यात गावकऱ्यांसाठीही धडा आहे, तो राहूनच जातो. पोरावर विश्वास न ठेवणं योग्यच होतं. पण रानात लांडगे आहेत की नाहीत, हे काही त्या पोराच्या खरेखोटेपणावर ठरत नव्हतं.

आणि इथे लांडग्याचा माग वेगळ्या वाटेने लागलेला होता. ग्रू यांच्या तारेआधी तीनच दिवस, २४ जानेवारीला, नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांनी युद्धमंत्री स्टिमसन यांना पत्र लिहिलं होतं. जपानशी युद्ध झालं तर त्याची सुरुवात पर्ल हार्बरवरच्या अचानक हल्ल्याने होणं सहज शक्य आहे, असं त्यात होतं. मागच्याच नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश विमानांनी तारांतो बंदरात इटलीच्या युद्धनौकांवर पाणतीर सोडले होते. तो अनुभव ताजा होता. म्हणजे अफवेचा मूळ वक्ता सापडत नव्हता, पण तिच्यातला धोका खुद्द नौदलमंत्र्यांनी आठवडाभर आधी लेखी मान्य केला होता.

वोल्स्टेटरबाईंच्या जोडीत ग्रू यांच्या तारेला जागाच सापडत नाही. संकेत म्हणावं तर ती नाकारणारे मूर्ख ठरतात, आणि नेमकं तेच बाईंना नको आहे. गोंगाट म्हणावं तर टोपलीत टाकून मोकळं व्हायचं. मधली जागा नैयायिकांकडे आहे: संशय. चौकशी सुरू होते ती संशय असेल तिथेच. निश्चयाला आणि निव्वळ अज्ञानाला तिची गरज नसते. कच्ची साक्ष ज्ञान देत नाही, प्रश्न देते. हे खरं असेल तर आणखी काय काय दिसायला हवं, आणि ते आपण बघतो आहोत का?

कुणी म्हणेल, मग काय प्रत्येक आवईच्या मागे धावायचं? नाही. जिच्यातला धोका अफवेवाचूनही संभवनीय ठरतो आणि दुर्लक्षाची किंमत मोठी आहे, तिचाच माग काढायचा.

हा वाद जुन्या युद्धापुरता नाही. मे २०२५ मधल्या त्या रात्री कराची बंदरावर हल्ला झाल्याचं आपल्याकडच्या अनेक वाहिन्यांनी सांगितलं. ते खोटं निघालं. वाहिन्या अनेक, विहीर बहुधा एकच! दुसऱ्या दिवशी ‘आता कशावरच विश्वास नाही’ म्हणणारे आम्हाला भेटले. त्यांचा राग रास्त आहे, पण त्यांचा निष्कर्ष गुप्तवार्ता विभागाच्या दुसऱ्या भागासारखाच आहे. वाहिनी खोटी ठरली म्हणून सीमेवरच्या तोफा थांबलेल्या नव्हत्या. तेव्हा खात्री नसलेला निरोप पुढे पाठवू नये, हे खरंच. पण त्याच रागात भोंग्याकडे कानाडोळा करू नये. पहिल्या गोष्टीला सचोटी लागते. दुसरीला, स्वतः ‘नाही’ म्हटल्यानंतरही चौकशी चालू ठेवण्याची शिस्त लागते, आणि आमच्या मते ती अधिक अवघड आहे.