स्वामित्वहक्काचा कायदा आणि लहान संकेतस्थळे

कायद्याचे परीक्षण करताना त्याच्या हेतूचा जेवढा ऊहापोह होतो, तेवढा त्याच्या मापाचा होत नाही. एकच नियम मोठ्या संस्थेला सहज पेलतो आणि एकट्या माणसाला मात्र झेपत नाही, ही गोष्ट नियमाच्या शब्दांवरून कळत नाही. तो कोणाला लागू होतो हे पाहिल्यावरच कळते. महाजालावरील चाचेगिरीला आळा घालण्यासाठी भारतात जी विधिव्यवस्था उभी राहिली आहे, तिचा विचार या दृष्टीने होणे अगत्याचे आहे. चित्रपट, ध्वनिमुद्रणे आणि ग्रंथ यांची सर्रास चोरी होते, आणि अल्प भांडवलावर काम करणाऱ्या मराठी निर्मात्याला व प्रकाशकाला ती विशेष जाचक ठरते, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो एवढाच, की चोरासाठी टाकलेल्या जाळ्यात चोर नसलेला किती अडकतो.

1957 च्या स्वामित्वहक्क अधिनियमात 2012 मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम 52 (1) (ग) नव्या रूपात आले. दुवे किंवा प्रवेश पुरविण्याच्या ओघात जी क्षणिक वा आनुषंगिक साठवण होते, तिला या कलमाने संरक्षण दिले. हक्कधारकाची लेखी तक्रार आल्यास मात्र ती सामग्री 21 दिवस बंद ठेवावी लागते. तेवढ्या अवधीत न्यायालयाचा हुकूम न आल्यास ती पुन्हा खुली करता येते. 2013 च्या नियमावलीतील नियम 75 ने याचा तपशील ठरविला. आपण दावा दाखल करू असे वचन तक्रारदाराने द्यावयाचे आहे, आणि सामग्री उल्लंघन करणारी आहे याविषयी ‘समाधान’ झाल्यावर साठवणाऱ्याने 36 तासांत ती बंद करावयाची आहे.

वरवर पाहता ही तडजोड समतोल वाटते. परंतु ‘समाधान’ या एका शब्दात न्यायनिवाड्याचे सारे ओझे सामावलेले आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. तेथील एका शिक्षकाने परिसरातील जात्यावरच्या ओव्या, भारुडे आणि लग्नगीते यांच्यासाठी एक संकेतस्थळ काढले असून गावोगावचे माजी विद्यार्थी त्यावर ध्वनिमुद्रणे चढवितात, अशी कल्पना करावी. एके दिवशी एखाद्या कंपनीची तक्रार येते, की त्यांतील एक गीत तिच्या मालकीचे आहे. आता ओवीचे शब्द पारंपरिक आहेत. त्यांवर कोणाचा हक्क नाही. परंतु विशिष्ट ध्वनिमुद्रणावर निराळा हक्क असतो आणि तो प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. विद्यार्थ्याने ते गीत स्वतःच्या आजीकडून मुद्रित केले असेल, तर कंपनीचा दावा निराधार ठरतो. तिच्या ध्वनिफितीवरून उतरविले असेल, तर तो रास्त ठरतो. हा भेद जाणण्यास कायद्याचे ज्ञान हवे, विद्यार्थ्याचा पत्ता हवा आणि वेळ हवा. मोठ्या व्यासपीठापाशी यासाठी विधिविभाग असतो. शिक्षकापाशी शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ असते.

अशा स्थितीत तो काय करील, हे सांगण्यास भविष्यवेत्ता नको. तो गीत काढून टाकील, आणि 21 दिवसांनंतर ते परत ठेवण्याचे धाडसही बहुधा करणार नाही. सामग्री काढल्याने त्याचे काही बिघडत नाही. ठेवल्याने मात्र दाव्याची भीती असते. येथे अमेरिकेच्या 1998 च्या कायद्याशी तुलना उद्बोधक ठरते. त्या कायद्यानुसार ज्याची सामग्री काढली गेली त्याला प्रतिसूचना देता येते, आणि हक्कधारकाने दावा न लावल्यास 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत ती परत ठेवली जाते. भारतीय नियमात मूळ सामग्री देणाऱ्याला असा आवाजच नाही. निराधार धमकीविरुद्ध दाद मागण्याची तरतूद कलम 60 मध्ये आहे हे खरे. परंतु तीही न्यायालयाच्या दारातूनच जाते. शिवाय कलम 62 नुसार हक्कधारकाला स्वतःच्या निवासाच्या वा व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये संजय दालिया प्रकरणात या सवलतीला मर्यादा घातली. तरीही मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या कंपनीपुढे धावड्याच्या प्रतिवादीला मुंबई गाठावी लागण्याचा संभव उरतोच.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 79 चे कवचही येथे अपुरे पडते. 2015 च्या श्रेया सिंघल निर्णयाने मध्यस्थाचे ‘ज्ञान’ म्हणजे न्यायालयाच्या वा शासनाच्या आदेशाने मिळालेले ज्ञान, असा अर्थ लावला. परंतु 23 डिसेंबर 2016 रोजी मायस्पेस प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने स्वामित्वहक्काच्या बाबतीत हक्कधारकाची नेमकी सूचनाही पुरेशी मानली. मोघम सूचना चालणार नाही, हा त्या निर्णयाचा मोठा गुण होय. पण विचारस्वातंत्र्याच्या प्रकरणात जे काम न्यायाधीशाचे, ते येथे संकेतस्थळाच्या चालकावर आले, हेही तितकेच खरे.

संपूर्ण संकेतस्थळे बंद करण्याच्या हुकुमांचा इतिहासही हेच दाखवितो. 2014 च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाच्या हुकुमाने 472 संकेतस्थळांवर बंदी आली. ती यादी पुढे 219 वर आणावी लागली. याउलट 2016 मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी सरसकट बंदी नाकारून नेमक्या, पडताळलेल्या दुव्यांपुरताच हुकूम दिला. 10 एप्रिल 2019 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने यूटीव्ही प्रकरणात निराळी वाट धरली. सर्रास चाचेगिरी करणारे संकेतस्थळ ओळखण्याच्या तेथे दिलेल्या लक्षणांत चालकाची ओळख दडलेली असणे आणि सूचनांना उत्तर न मिळणे, यांचाही समावेश आहे. सर्व लक्षणे एकत्र पाहिली तर ही कसोटी उपयुक्त आहे. तथापि ही दोन लक्षणे प्रामाणिक लहान संकेतस्थळातही आढळतात. घरचा पत्ता जगजाहीर होऊ नये म्हणून नोंदणी झाकली जाते, आणि चालक एकटा असल्यामुळे पत्रे अनुत्तरित राहतात. येथे दुर्बलतेची खूण अपराधाची खूण ठरण्याचा धोका आहे.

लहानपणाच्या आडोशाने चोर सुटतील, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. लहान संकेतस्थळ हेही चोरीचे दुकान असू शकते. परंतु मागणी सवलतीची नाही, प्रमाणाची आहे. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशाने तीन वर्षांहून कमी वयाच्या आणि एक कोटी युरोंहून कमी उलाढालीच्या सेवांवर हलकी जबाबदारी ठेवली. भारतातही 2021 मध्ये 50 लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांची सीमा घालून मोठ्या समाजमाध्यमांवर अधिक कर्तव्ये लादली गेली. अर्थात आकार पाहण्याची दृष्टी भारतीय विधिव्यवस्थेला आहे. नियम 75 मध्ये तेवढी ती उतरलेली नाही.

ती उतरविण्यास फार मोठी उलथापालथ नको. सामग्री देणाऱ्याला प्रतिसूचनेचा हक्क असावा, एकट्या चालकाला 36 तासांऐवजी अधिक मुदत मिळावी, आणि खोट्या तक्रारीची किंमत तक्रारदाराने मोजावी, एवढे पुरे आहे. मराठीतील लोकवाङ्मय, स्थानिक इतिहास आणि दुर्मिळ ग्रंथ यांचे पुष्कळसे जतन आज हौशी व्यक्तींच्या हातून होत आहे. त्यांच्या संकेतस्थळावरून एखादी ओवी भीतीपोटी नाहीशी झाली, तर तिची नोंद कोणत्याही न्यायनिर्णयात होत नाही. म्हणूनच या कायद्याचे मोल केवळ पकडलेल्या चोरांच्या संख्येवरून ठरविणे अपुरे होय. निरपराध माणसाने निमूटपणे काय काढून टाकले, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे.