'अंतःस्फोट' : एका पारिभाषिक संज्ञेची चिकित्सा

इंग्रजी 'इम्प्लोजन'साठी मराठीत 'अंतःस्फोट' ही संज्ञा योजली जाते. ती अर्थवाहक आहे काय, हे पाहावयाचे आहे.

मूळ इंग्रजी शब्दही स्वयंभू नव्हे. लॅटिनमध्ये 'प्लाउदेरे' म्हणजे टाळ्या वाजविणे व 'एक्स्प्लोदेरे' म्हणजे टाळ्या पिटून, हुर्यो करून नटास रंगमंचावरून हुसकावून लावणे. त्यातून कालांतराने 'एक्स्प्लोजन'ला धडाक्याने बाहेर फुटण्याचा अर्थ आला. पुढे त्याच्याच धर्तीवर, उपसर्ग तेवढा पालटून, 'इम्प्लोजन' घडविले गेले. (हुर्योचा येथे मागमूसही उरला नाही.)

मराठी संज्ञाकारांनी हेच जोडकाम संस्कृतात केले. परंतु ते तेथे साधत नाही. 'स्फुट्' या धातूत फुटणे, उमलणे, उघड होणे हे अर्थ आहेत. गती आतून बाहेर. 'अंतः' हे पूर्वपद ती गती उलटवीत नाही, केवळ स्थान सांगते. 'अंतःकलह' म्हणजे आतल्या आत चाललेला कलह. त्याच न्यायाने 'अंतःस्फोट' म्हणजे आत झालेला स्फोट. 'अंतर्मुख' या शब्दात दिशा आहे खरी, पण ती 'मुख' या उत्तरपदामुळे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. जून 2023 मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली 'टायटन' ही पाणबुडी अटलांटिकच्या तळाकडे जाताना नष्ट झाली व आतील पाचही जण मृत्युमुखी पडले. सागराचा दाब कवचास पेलला नाही. 'अंतःस्फोट' वाचणारा मात्र आत काही तरी पेटले असावे, असेच समजणार. एका समासाने कारणच जागचे हलविले.

मराठीत भिंत ढासळते, छप्पर कोसळते, विहिरीचा काठ खचतो; या साऱ्या क्रिया अधोगामी आहेत. माणूस मनाने खचतो तोही खालीच बसतो. उलट डबा चेमटतो, भांड्यास पोचा येतो, तेव्हा बाहेरचा दाब आणि आत जाणारा पत्रा दोन्ही व्यक्त होतात. आकस्मिकता तेवढी कमी पडते. म्हणून वृत्तलेखनात 'दाबाने चेमटून चुराडा झाला' असे सरळ लिहावे. एकशब्दी संज्ञेचा आग्रह येथे अनाठायी होय.

ध्वनिशास्त्राची गोष्ट निराळी. सिंधीतील ॻ, ॼ, ॾ, ॿ या वर्णांच्या उच्चारात स्वरयंत्र खाली जाते, मुखातील हवा विरळ होते आणि अडसर सुटताच बाहेरची हवा आत शिरू पाहते. येथे अडसराचे फुटणे खरोखरीच घडते. तेव्हा या वर्णांना 'अंतःस्फोटक' म्हणण्यास प्रत्यवाय नाही.