हेलिकॉप्टरांचा ताफा : व्यूह की मिरवणूक? ('अपोकॅलिप्स नाउ' आणि मेघना नदीवरील उड्डाण यांच्या संदर्भात एक चिकित्सक विचार)

बीजसंज्ञा : युद्धपट, हेलिकॉप्टर-ताफा, दृश्यभव्यता, युद्धस्मृती

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यात हेलिकॉप्टर दिसते ते बहुधा एकेकटे. निवडणुकीची सभा असो वा आषाढी एकादशीला पंढरपुरात येणारे मान्यवर असोत, हेलिकॉप्टर दिसताच 'आत कोण आहे?' हा प्रश्न खाली उभ्या असलेल्या माणसाच्या मनात प्रथम येतो. लष्करी हेलिकॉप्टरांचा मोठा ताफा पाहताना मात्र नेमका हाच प्रश्न मागे पडतो. संख्या, आवाज आणि रचना यांनी पाहणारा भारावून जातो. नाशिकच्या गांधीनगर येथे लष्करी हेलिकॉप्टर-वैमानिकांना प्रशिक्षण देणारी संस्था २००३ पासून कार्यरत आहे. त्यामुळे महाराष्ट्राला हा विषय परका नाही. तथापि ताफ्याची सर्वपरिचित प्रतिमा घडविली ती चित्रपटाने. ही प्रतिमा युद्धाचे आकलन वाढविते की झाकते, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

व्यूहाची संकल्पना

महाभारतातील भीष्मपर्वात क्रौंचव्यूह, गरुडव्यूह अशा पक्ष्यांच्या आकाराच्या सैन्यरचनांचा उल्लेख येतो. व्यूह म्हणजे हेतुपूर्वक केलेली मांडणी होय. हेलिकॉप्टर-ताफ्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. एका हेलिकॉप्टरमधून मोजकेच सैनिक उतरतात आणि उतरण्याच्या क्षणी ते सर्वाधिक असुरक्षित असतात. शत्रू सावध होऊन एकवटण्यापूर्वी पुरेसे सैनिक एका ठिकाणी उतरावेत, यासाठी अनेक हेलिकॉप्टरे एकत्र नेली जातात. पात्यांच्या वाऱ्याचा झोत परस्परांना बाधू नये म्हणून त्यांच्यात अंतर राखावे लागते. याउलट मिरवणुकीचे प्रयोजन दिसणे हेच असते. प्रजासत्ताक दिनी ध्वज घेऊन जाणारी हवाई दलाची हेलिकॉप्टरे ही उघड मिरवणूक असते, म्हणून तिच्याविषयी संभ्रम होत नाही. मिरवणूक युद्धाच्या वेषात समोर येते, तेव्हा समीक्षेची गरज निर्माण होते.

'अपोकॅलिप्स नाउ' : भव्यतेचा पेच

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा 'अपोकॅलिप्स नाउ' हा चित्रपट १९७९ साली प्रदर्शित झाला. जोसेफ कॉनरॅड यांच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' या कादंबरिकेतील कांगोचा प्रवास येथे व्हिएतनाम युद्धात रूपांतरित झाला आहे. त्यातील लेफ्टनंट कर्नल किलगोर (अभिनेता रॉबर्ट ड्युव्हाल) नदीच्या मुखाशी असलेल्या गावावर हल्ला करतो. तेथील समुद्रलाटा फळीवरून स्वार होण्याच्या खेळासाठी उत्तम आहेत, हे कळल्यावर त्याचा उत्साह वाढतो. हेलिकॉप्टरवर बसविलेल्या ध्वनिवर्धकांतून तो वाग्नरचे 'राइड ऑफ द व्हॅल्किरीज' हे संगीत वाजवितो.

हे संगीत पार्श्वसंगीत नाही, ही बाब महत्त्वाची आहे. ते कथेच्या आत, पात्राच्या आज्ञेने वाजते. म्हणजे किलगोर हा सेनाधिकारी असूनही वागतो मात्र दिग्दर्शकासारखा. व्हॅल्किरी या रणांगणावर कोणी मरावे हे ठरविणाऱ्या पुराणकथेतील देवता होत. त्यांचे संगीत आकाशातून मृत्यू वाटणाऱ्या ताफ्याला जोडण्यात तीव्र उपरोध आहे. १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटात वंशद्वेष्ट्या घोडेस्वारांच्या दौडीलाही याच संगीताची साथ होती. घोडदळाची टोपी घालणारा किलगोर त्या परंपरेचाच वारस ठरतो.

या दृश्यात एक विलक्षण छेद आहे. संगीत ऐन भरात असताना ते तुटते आणि पडद्यावर शांत गाव, शाळेचे आवार व मुले दिसतात. मग दुरून तेच संगीत क्षीणपणे ऐकू येते आणि धावपळ सुरू होते. ताफा खालून कसा ऐकू येतो, हे प्रेक्षकाला काही क्षणच कळते. चित्रपटाची नैतिक दृष्टी या छेदात आहे. परंतु कॅमेरा लवकरच पुन्हा आकाशात जातो आणि पुढील दृश्य बहुतांशी हल्लेखोरांच्या बाजूने दिसत राहते. येथे चित्रपट किलगोरवर टीका करतो, तसाच त्याच्या खेळात सामीलही होतो.

हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. आखाती युद्धावरील 'जारहेड' (२००५) या चित्रपटात युद्धावर निघण्याच्या तयारीतील तरुण सैनिक हेच दृश्य पाहून जल्लोष करताना दाखविले आहेत. युद्धविरोधी हेतूने रचलेले दृश्य युद्धोत्साह वाढवू शकते, याची ही दुसऱ्या चित्रपटाने दिलेली साक्षच म्हणता येईल. शिवाय चित्रीकरणासाठी वापरलेली हेलिकॉप्टरे फिलिपिन्सच्या लष्कराची होती आणि बंडखोरांविरुद्धच्या कारवाईसाठी ती अधूनमधून परत नेली जात. भव्यतेचे साधन आणि हिंसेचे साधन एकच होते.

मेघना : दृश्यरूप न लाभलेला ताफा

याच्या तुलनेत ९ डिसेंबर १९७१ ची घटना पाहण्यासारखी आहे. आशुगंज येथील मेघना नदीवरील पूल पाकिस्तानी सैन्याने उडविल्यावर चौथ्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी सैन्य हेलिकॉप्टरने पलीकडे उतरविण्याचा निर्णय घेतला. ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हवाई दलाच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांनी रात्रंदिवस फेऱ्या केल्या. येथे संगीत नव्हते आणि प्रेक्षकही नव्हता. त्याच त्या यंत्रांनी नदीच्या या तीरावरून त्या तीरावर पुन्हा पुन्हा केलेले जाणे-येणे, हेच या उड्डाणाचे स्वरूप होते. ढाक्याचा मार्ग मोकळा होण्यात त्याचा मोठा वाटा होता. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.

ही खऱ्या अर्थाने व्यूहरचना होती. मात्र तिच्या कथनातही एक उणीव जाणवते. वर्णने सेनापतीचे धाडस आणि फेऱ्यांची संख्या यांवर थांबतात. नावा घेऊन सैन्याच्या मदतीला आलेले स्थानिक लोक त्यांत ओझरते येतात. चित्रपटात खालचा माणूस लक्ष्य म्हणून हरवतो, तर विजयकथेत तो तळटीप म्हणून हरवतो. पहिले हरवणे अधिक क्रूर आहे; परंतु दुसरे आपल्या अधिक जवळचे असल्याने त्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका अधिक आहे.

निष्कर्ष

१. हेलिकॉप्टर-ताफ्याची भव्यता स्वभावतः तटस्थ नसते. ती प्रेक्षकाला उडणाऱ्याच्या बाजूस नेते.

२. 'अपोकॅलिप्स नाउ' ही श्रेष्ठ कलाकृती आहे, परंतु तिचे श्रेष्ठत्व ताफ्याच्या दृश्यापेक्षा शाळेच्या आवारातील त्या क्षणिक शांततेत अधिक आहे.

३. मेघनेवरील उड्डाणाचे मूल्य त्याच्या प्रयोजनात आहे. त्यावर उद्या एखादी कलाकृती निर्माण झाली, तर तिने किलगोरचे संगीत उसने घेण्याचा मोह टाळावयास हवा.

युद्धपट वर्गात शिकविताना 'हे दृश्य किती प्रभावी आहे?' या प्रश्नावर चर्चा संपते, असा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याच्या जोडीला 'आत कोण आहे, तो कशासाठी निघाला आहे आणि खाली कोण आहे?' हे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावयास शिकविणे, हे अध्यापकाचे काम होय.