रात्रीचा फड, सकाळची हजेरी

आजोळच्या जत्रेतला तमाशा मी लहानपणी आठ-दहा वेळा तरी ऐकला असेल. पाहिला मात्र एकदाही नव्हता.

आजोळ संगमनेर तालुक्यात. चैत्रात जत्रा. त्या रात्री मामा आणि मामेभाऊ जेवण उरकून शाळेच्या पटांगणाकडे जायचे आणि आम्ही मुली गच्चीवर गोधड्या टाकून पडायचो. ढोलकी स्पष्ट ऐकू यायची. मध्येच शेकडो माणसांच्या हसण्याची लाट यायची, पण विनोद वाऱ्यावर अर्धाच पोचलेला असायचा. लोक का हसले याचा अंदाज करत आम्ही झोपून जायचो. ‘पोरींनी तिकडं जायचं नसतं’ हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही. ते आम्हाला माहीत होतं.

माझी मैत्रीण कॉन्सर्टवेडी आहे. जानेवारी 2025मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ‘कोल्डप्ले’ आले, तेव्हा तिकिटासाठी तिने घरातले सगळे फोन कामाला लावले होते. गेल्या चैत्रात तिला म्हटलं, शनिवार-रविवार माझ्या आजोळी चल. उघड्यावरची कॉन्सर्ट आहे, तिकीट नाही, रांग नाही. ती लगेच तयार झाली. तमाशा म्हणजे तिच्यासाठी ‘पिंजरा’ आणि ‘नटरंग’. खरं सांगायचं तर माझ्यासाठीही तेवढाच.

पुण्याहून एसटीने निघालो. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे कॉन्सर्टच्या प्रवासखर्चात हा विक्रमच. वाटेत नारायणगाव लागतं. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव म्हणजे तमाशाची पंढरी. हंगामात इथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पंच येऊन आपल्या जत्रेची सुपारी देऊन जातात. दसऱ्याला सुरू झालेला हंगाम गुढीपाडव्यापासून ऐन भरात येतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. पुढे याच महामार्गावर हिवरगाव पावसा नावाचा टोलनाका आहे. ते पवळाचं गाव. स्त्रियांनी तमाशाच्या बोर्डावर उभं राहणं नवं होतं, त्या काळात नाव कमावलेली ही बाई. पण आज तिची ओळख करून देताना आधी पठ्ठे बापूरावांचं नाव घ्यावं लागतं. टोलनाक्यावरून रोज हजारो गाड्या जातात. मी स्वतः कितीतरी वेळा गेले आहे, ते नाव वाचलं आहे आणि पुढे गेले आहे.

इथे एक खुलासा हवा. सिनेमामुळे आपण सगळंच एकात कालवतो. बैठकीत बसून ऐकायची ती संगीत बारी. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यात जामखेडची कला केंद्रं आहेत. जत्रेत येतो तो ढोलकी फड. ट्रक, जनरेटर, स्टेज, पन्नासेक माणसं आणि एक अख्खं नाटक घेऊन फिरणारा. आम्ही पाहिला तो फड मोठ्या नावाचा नव्हता, म्हणून इथे नाव देत नाही. मात्र जे पाहिलं त्याबद्दल मत देणार आहे, कारण तमाशाबद्दल लिहिताना नेमकं तेवढंच राहून जातं.

साडेनऊला ढोलकी-हलगीची सलामी सुरू झाली आणि मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला. दहा मिनिटं फक्त दोन वाद्यं. हलगी भांडण उकरून काढते, ढोलकी आधी दुर्लक्ष करते आणि मग एकदम अंगावर येते. गच्चीवरून ऐकताना मला हे एकाच वाद्याचं काम वाटायचं. मैत्रीण म्हणाली, “अगं, हे तर स्टेडियममधल्या ड्रम सोलोपेक्षा भारी आहे.” अशा तुलनेने कुणाचंच भलं होत नाही, पण त्या क्षणी मलाही पटलं.

त्यानंतर उतरण लागली. गण चार मिनिटांत उरकला. गवळणीत कृष्ण, पेंद्या आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी असतात, आणि त्यांच्या पुढे मावशी. मावशीचं काम करणारा पुरुष नट कसलेला होता. नुसत्या पदर सावरण्याने तो हशा मिळवायचा. पण तो रंगात येतोय तोच गवळण संपवली. पुढचा सव्वा तास रंगबाजी: ऑक्टापॅड, कीबोर्ड, हिंदी-मराठी सिनेमाची गाणी. समोर फोनचे पडदे उभे राहिले आणि शिट्ट्यांबरोबर फर्माइशी सुरू झाल्या. आवाज इतका फाटत होता की नाचणारीचे चाळ दिसत होते, ऐकू येत नव्हते. आम्ही पटांगणाच्या कडेला मामाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलो होतो. आसपास आठ-दहा म्हाताऱ्या बायका, बाकी सगळे पुरुष. मीही दोन व्हिडिओ काढले.

वग सुरू व्हायला सव्वाअकरा वाजले, आणि मला वाटतं सगळ्या रात्रीतलं खरं काम तिथेच होतं. विषय होता हक्कसोडीचा. बाप गेला आहे, भावांना जमिनीची वाटणी करायची आहे, आणि त्यासाठी सासरी असलेल्या बहिणीची सही हवी आहे. भाऊ साडी घेऊन तिच्याकडे जातो. सोंगाड्या आहे तो तलाठ्याचा हस्तक. सहीसाठी पेन पुढे करताना दर वेळी तो बहिणीला नव्या नात्याने हाक मारतो: ताई, माई, आक्का, शेवटी ‘आईसाहेब’. लोक हसून लोळत होते. बहीण मात्र हसत नव्हती. ती कागदाच्या घड्या मोजत बसली होती. त्या नटीने जवळजवळ दहा मिनिटं एक वाक्यही न बोलता अख्खं पटांगण धरून ठेवलं.

महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा देणारा कायदा 1994 साली झाला, देशभर 2005 साली. हक्कसोड पत्र ही त्यानंतर घरोघरी माहीत झालेली गोष्ट. माझ्या आईने सही केलेली आहे. ज्या घरी आम्ही उतरलो होतो, त्याच घरासाठी. मी त्या ट्रॉलीवर बसून हा वग पाहत होते आणि मामा पुढे कुठेतरी हसत होता.

आणि मग साडेबाराच्या सुमारास वग अचानक संपला. बहिणीला भावाचं लहानपण आठवलं, तिने सही केली, सगळे गळ्यात पडले, पडदा. तीन मिनिटांत सगळं.

आम्ही दोघी भडकलो. घरी जाताना मी अंधारातच या लेखाचा पहिला खर्डा तोंडी करून टाकला. तमाशाने प्रश्न विचारला आणि गावाला आवडेल ते उत्तर देऊन मोकळा झाला, लोककला लोकांच्या पुढे जात नाही, वगैरे वगैरे. मैत्रीण म्हणाली, “लिही हेच.” मी खूश होते.

सकाळी मामीने हलवून उठवलं. “हजेरीला येता ना गं?”

हजेरी म्हणजे काय ते मला पस्तिशी जवळ आली तरी माहीत नव्हतं. रात्री खेळ केलेला फड सकाळी देवापुढे हजेरी लावतो. गाव जमतं, खुशीने बक्षीस देतं, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. मामीला म्हटलं, “बायका जातात?” ती म्हणाली, “जातात की. सगळ्या जातात. तुम्ही पोरी रात्रभर गच्चीवर जागायच्या अन् सकाळी धा वाजेस्तोवर झोपायच्या. तुम्हाला उठवायचं कुणी?”

देवळासमोर लिंबाखाली सतरंज्या. जनरेटर नाही, ऑक्टापॅड नाही. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज आणि एक साधा माईक. रात्रीचा रंग उतरलेले, झोप न झालेले चेहरे. समोर डोक्यावर पदर घेतलेल्या शंभरेक बायका. मावशीवाल्या नटाने रात्री तुटलेली गवळण इथे पुरी केली. पाऊण तास. रात्री बहीण झालेली बाई गायली. तिचा आवाज वरच्या पट्टीत जरा चिरतो, हे रात्रीच्या गोंगाटात कळलंच नव्हतं. पण खालच्या सुरात ती शब्द असा ठेवायची की मागच्या बायका नकळत पुढे सरकत होत्या. ढोलकीवाला रात्रीचाच. आता त्याच्या डाव्या हाताची घुमारी ऐकू येत होती. रात्री मी ज्याला ‘खालावलेला दर्जा’ म्हणणार होते, तो दर्जा इथे शाबूत होता. फक्त सकाळी साडेनऊला, आणि फुकट.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही त्या बाईंकडे गेलो. त्यांनीच आधी विचारलं, “रात्री ट्रॉलीवर बसलेल्या ना तुम्ही? फोनच्या उजेडात तोंडं दिसतात आम्हाला.” अंधारात बसून पाहणारे आपण एकटेच असतो, हा माझा समज तिथेच गेला. मी वगाच्या शेवटाचं विचारलं. सही का केली?

त्या हसल्या. “वेळ असला तर न्हाई करत. पुढं मोठा प्रवेश आहे. भाऊ कोर्टात जातो, आईला साक्षीला उभं करतात, अन् आई भरल्या सभेत मुलीच्या बाजूनं बोलते. पाऊण तास लागतो त्याला. रात्री टाइम संपत आला, मालकांनी खूण केली. मग सही करून उरकायचं.”

म्हणजे ज्या शेवटावर मी विचारसरणीचा निकाल देणार होते, तो निकाल घड्याळाचा होता.

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी करतात; वर्षातल्या ठरावीक दिवशी सवलत मिळाली तरी मध्यरात्रीपर्यंतच. नियमामागचं कारण योग्य आहे. मैत्रिणीच्या कॉन्सर्टलाही दहाचंच बंधन असतं. पण कॉन्सर्ट संध्याकाळीच सुरू होते, आणि तिथे वेळ कमी पडली तर दोन गाणी गळतात. तमाशा माणसं शेतातून येऊन जेवल्यावर सुरू होतो, आणि पूर्वी पहाटेपर्यंत चालायचा. त्याची सगळी रचना त्या लांबीवर उभी आहे: आधी देव, मग थट्टा, मग गाणी, आणि माणसं पुरती सैल झाल्यावर शेवटी कठीण गोष्ट. रात्र कापली की कापली जाते ती शेवटची, कठीण गोष्ट. गाण्यांना हात लावता येत नाही, कारण फर्माइश तिथे असते. राहता राहते बहीण. तिला सही करावी लागते.

तमाशावर लिहिणाऱ्यांचं हे लक्षात येत नाही, कारण आपण खेळ पाहून लिहीत नाही. आपल्याकडे तमाशाच्या गोष्टी आहेत. विठाबाईंची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट घ्या: खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर आल्या. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. त्या रात्री कोणता वग चालू होता, हे एकानेही सांगितलेलं नाही. कांताबाई सातारकर संगमनेरच्याच झाल्या, 2021 साली गेल्या. त्यांनी पुरुष भूमिकाही गाजवल्या. त्या उभ्या कशा राहायच्या, आवाज कसा लावायच्या, याबद्दल नीट लिहिलेलं पान मला अजून सापडलेलं नाही. ‘पिंजरा’ला (1972) चिंता आहे मास्तराचं काय होईल याची, ‘नटरंग’ला (2010) गुणाच्या पुरुषपणाची. बाई दोन्हीकडे कारण म्हणून आहे, कलावंत म्हणून कमी.

आणि सगळ्यात जुनी गोष्ट संगमनेरच्याच अनंत फंदींची. असं सांगतात की हा तमाशा गाजवणारा शाहीर अहिल्यादेवींच्या एका बोलण्याने वरमला, त्याने डफ फोडला आणि कीर्तन धरलं. जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे, त्यामुळे ही गोष्ट पुन्हा जोरात सांगितली जाते, आणि सुखान्त म्हणूनच. पण फंदी ब्राह्मण होते. डफ फोडल्यावर त्यांना जायला कीर्तनाचा पाट होता. पवळाने चाळ सोडले असते, तर गावाने तिला कुठे बसवलं असतं? ज्या जातींतल्या माणसांनी तमाशा जगवला, त्यांना डफ फोडण्याची चैन नव्हती. तमाशा सोडणं म्हणजे उद्धार, हे एकदा मान्य केलं की तमाशात काय चांगलं आणि काय वाईट हे तपासायची गरजच उरत नाही.

म्हणून हे माझं मत, साध्या शब्दांत. त्या फडाची सलामी अव्वल होती. आवाजाची व्यवस्था वाईट होती. रंगबाजी निम्मी केली तर वग वाचेल, आणि मालकांनी तो धोका पत्करायला हवा. बहिणीचं काम करणारी नटी मोठी नटी आहे. आणि वगाचा शेवट मी अजून पाहिलेला नाही.

परतीच्या एसटीत आईचा फोन आला. जत्रा कशी झाली, मामा-मामी कसे आहेत, हे झालं. मग म्हणाली, “तमाशा पाहिलास म्हणे. काय होतं?” मी वगाची गोष्ट सांगितली. साडी, तलाठ्याचा हस्तक, पेन. ती मध्ये काही बोलली नाही.

“मग? केली का सही?”

“काल केली,” मी म्हणाले. “पण पुढे अजून एक प्रवेश आहे म्हणे. वेळ नव्हता.”

“पुढच्या वर्षी कधी आहे जत्रा?” आईने विचारलं.