पेपर लिहिला, पेपर टाकला, पेपर वाचला

गेल्या महिन्यात आईला फोनवर सांगितलं, "अगं, माझा पेपर आला." ती म्हणाली, "कुठल्या पेपरात?" मी जर्नल म्हणजे काय ते समजावू लागले, तर म्हणे, "म्हणजे परीक्षाच की. सोपा गेला ना?" तेव्हा मी हसले. पण त्याच पेपरचा पहिला मसुदा परवा पुन्हा उघडून बघितला आणि लक्षात आलं, आईची गल्लत एका फोनपुरती होती. माझी दीड वर्ष टिकली.

म्हणून आजची पोस्ट या एका शब्दावर. पीएचडीची तयारी करताय ना, मग हा शब्द तुम्ही दिवसातून दहा वेळा ऐकणार आहात.

आधी मराठीत तो कसा फिरतो ते बघा. सकाळी दारात पडतो तोही पेपर आणि आदल्या रात्री फुटतो तोही पेपर. मुलगा सायकलवरून पेपर टाकतो, आयटीतला मित्र पेपर टाकतो (म्हणजे राजीनामा देतो) आणि आमच्या विभागातला सीनियर "एका जर्नलला पेपर टाकलाय" म्हणतो. नाम एकच, अर्थ ठरवतं क्रियापद. आणि कधीकधी क्रियापदही हात वर करतं. "पेपर वाचला" म्हणजे काय? चहाबरोबर बातम्या चाळल्या, दुसऱ्याचं संशोधन अभ्यासलं, की परिषदेत आपलं संशोधन मांडलं? तिन्ही.

त्यातला तिसरा अर्थ जुना आहे. विद्वत्सभांमध्ये शोधपत्रं खरोखरच मोठ्यानं वाचली जायची. डार्विन आणि वॉलेस यांचं नैसर्गिक निवडीवरचं लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचलं गेलं, तेव्हा दोघांपैकी एकही तिथे हजर नव्हता. वाचणारे भलतेच होते! समोर बसलेल्यांना माहीत नाही असं काहीतरी सांगायचं, हे त्या 'पेपर'चं मूळ काम.

आपल्याकडे मात्र हा शब्द विद्यापीठात शिरला तो परीक्षेच्या दारातून. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं. त्याचं काम होतं परीक्षा घेणं आणि पदव्या देणं, शिकवायचं कॉलेजांनी. विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सुरू व्हायला १९१९ साल उजाडलं. म्हणजे कित्येक दशकं विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यामधला पेपर म्हणजे प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका. ती सवय शब्दाबरोबर आपल्यापर्यंत आलीय, असं माझं मत आहे.

सवय कसली? परीक्षेच्या पेपरात प्रश्न दुसऱ्याचा असतो. तपासणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, तुम्हालाही ते येतं एवढंच त्याला दाखवायचं असतं. म्हणून व्याख्या, प्रकार, फायदे, तोटे, आणि वर पुरवणी जोडायची. (पुरवणी हा शब्दही बघा. रविवारची पुरवणी, परीक्षेतली पुरवणी, आणि जर्नलला पेपरसोबत द्यायच्या जास्तीच्या तक्त्यांनाही मी पुरवणीच म्हणते. पण परीक्षेतली तेवढी वजन वाढवायला असते.)

माझा विषय शेततळी. पहिल्या मसुद्याची सुरुवात होती, 'शेततळे म्हणजे काय'. मग शेततळ्यांचे प्रकार, मग शासनाच्या योजना, मग शेततळ्यांचे फायदे. सहा पानं झाली तरी मी स्वतः काय शोधलं ते आलंच नव्हतं. गाइड मॅडमनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "हा पेपर काढला कुणी?" आपण परीक्षा हॉलबाहेर विचारतो ना, यंदा पेपर कुणी काढलाय, तसंच. मला उत्तर देता आलं नाही. कुणीच काढला नव्हता. मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दहा मार्कांसाठी लिहीत होते.

माझ्या वहीत मात्र प्रश्न होता. फील्डवर असताना एका आजींनी विचारलेला. शेजाऱ्यानं रानात खड्डा घेऊन प्लास्टिकचा कागद अंथरला आणि बोअरचं पाणी उपसून तळं भरलं, तर आमची विहीर कशी टिकायची? शेततळं पावसाचं पाणी साठवायला, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य. इथे तर जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात ठेवलं जात होतं. याचं उत्तर मॅडमना माहीत नव्हतं, आजींनाही नव्हतं, मलाही नव्हतं. तोच खरा पेपर होता आणि तो मी वहीत ठेवून दिला होता, 'अॅकॅडेमिक' वाटत नाही म्हणून.

वर्तमानपत्राचा अर्थही त्रास देतो, पण कमी. त्यातून दोन गोष्टी येतात, एक घाई आणि दुसरी 'छापून आलंय म्हणजे खरं'. आठ दिवसांत पेपर छापून देतो, एवढे पैसे भरा, असे मेसेज तुम्हालाही येतील. २०१६ च्या यूजीसी नियमांत प्रबंध सादर करण्याआधी किमान एक पेपर छापून येणं आणि दोन परिषदांत सादरीकरण सक्तीचं होतं. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली, पण नोकरीच्या अर्जात पेपर मोजले जातातच. 'किती पेपर काढले?' हा प्रश्न मी कँटीनमध्ये रोज ऐकते, 'कशावर?' हा क्वचित. यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल बरं की बोगस हे आता आपल्यालाच तपासावं लागतं.

मग 'शोधनिबंध' म्हणावं का? म्हणा, पण निबंध म्हटलं की मला 'माझा आवडता ऋतू' आठवतो. त्या शब्दाचं ओझं वेगळं, पण आहेच. शब्द बदलून फार फरक पडेल असं मला वाटत नाही. पेपरच म्हणूया. फक्त सध्या लिहीत असाल तर एक करून बघा. तुमच्या विषयातल्या वाचकाला आधीच माहीत असलेली प्रत्येक ओळ मसुद्यात लाल करा. माझी अकरापैकी सात पानं लाल झाली होती.

उरलेल्या चार पानांपासून पुन्हा लिहिलं, पाठवलं. पाच महिन्यांनी 'मेजर रिव्हिजन' आलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे केटी लागली का?" मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. त्यात रिव्ह्यूअरनं विचारलं होतं की उन्हाळ्यात त्या विहिरींची पातळी मी स्वतः मोजली का. मोजली नव्हती. म्हणून मे महिन्यात पुन्हा गावी गेले, टेप आणि वही घेऊन.