तेल, युद्धहेतू आणि मराठी कथनरूप

'युद्ध तेलासाठी झाले' हे वाक्य मराठी वाचकाच्या आता चांगलेच अंगवळणी पडले आहे. १९९०-९१ च्या आखाती युद्धापासून ते वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत रुळले आणि २००३ च्या इराकवरील आक्रमणानंतर तर ते सिद्ध करण्याची गरजही कोणाला भासेनाशी झाली. समीक्षेच्या दृष्टीने या वाक्याच्या खरेखोटेपणाइतकाच त्याच्या घडणीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. हे वाक्य एक कथानक सुचवते. त्यात कर्ता आहे, त्याचा गुप्त हेतू आहे, वरवर सांगितलेले खोटे कारण आहे आणि ते दूर सारून खरे कारण दाखवणारा निवेदक आहे. रहस्यकथेचेच हे रूप. या रूपामुळे तेलाच्या वास्तवातील काय दिसते आणि काय नजरेआड होते, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही.

तेल आणि कथनरूप यांच्या संबंधाचा प्रश्न अमिताव घोष यांनी १९९२ साली अब्दुर्रहमान मुनीफ यांच्या 'मुदुन अल-मिल्ह' या अरबी कादंबरीमालेचे परीक्षण करताना मांडला. मसाल्याच्या व्यापाराने जगाला जेवढे साहित्य दिले, त्या मानाने तेलाने जवळजवळ काहीच दिले नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. त्याचे एक कारण त्यांनी कादंबरीच्या प्रकृतीतच शोधले. कादंबरीला स्थिर स्थळ लागते आणि एकभाषिक समाज लागतो. तेलाचे जग मात्र वाहते, बहुभाषिक आणि परस्परांना अनोळखी माणसांचे आहे. हे निदान पूर्णतः पटण्यासारखे नाही. अप्टन सिंक्लेअर यांनी १९२७ मध्येच 'ऑइल!' लिहिली होती आणि घोष यांच्या लेखानंतर बेन्यामिन यांच्या 'आडुजीवितम्' (२००८) या मल्याळम कादंबरीने आखातातील स्थलांतरिताचा एकाकीपणा समर्थपणे उभा केला. तरीही मराठीपुरते घोष यांचे निरीक्षण जिव्हारी लागणारे आहे. रॉकेलची चिमणी, रेशनच्या दुकानापुढील डब्यांची रांग, विहिरीवरचे डिझेल इंजिन एवढ्या रूपांत तेल आपल्या ग्रामीण कथेत येते आणि नेपथ्यातच राहते. टीकेच्या परिभाषेत ते शिरले ते 'घासलेटी' या विशेषणातून, म्हणजे शिवी म्हणून.

मराठीत तेलाला स्वतंत्र विषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली ती ललित साहित्याने नव्हे, तर गिरीश कुबेर यांच्या लेखनाने. 'हा तेल नावाचा इतिहास आहे', 'एका तेलियाने' आणि पुढे 'तेल नावाचं वर्तमान' ही पुस्तके ज्या वाचकवर्गात पोहोचली, त्या वर्गाला यापूर्वी हा विषय इंग्रजीशिवाय उपलब्ध नव्हता. हे ऋण मान्य करूनच त्यांच्या कथनपद्धतीचा विचार करावा लागतो. 'एका तेलियाने' हे शेख अहमद झाकी यामानी यांचे चरित्र आहे. १९६२ ते १९८६ एवढा दीर्घ काळ सौदी अरेबियाचे तेलमंत्री असलेला हा पुरुष चरित्रनायक म्हणून आकर्षक आहे यात शंका नाही. पण चरित्र हा वाङ्मयप्रकार स्वीकारला की इतिहासाची सूत्रे माणसांच्या हातात असल्याचा प्रत्यय अपरिहार्यपणे येतो. मंत्री, सम्राट, कंपन्यांचे प्रमुख, गुप्तहेर ही पात्रे ठसठशीत होतात. शुद्धीकरण कारखान्यातील कामगार, नळवाहिनीखाली गेलेली शेती आणि ते तेल जाळणारा आपला वाचक मंचावर येत नाहीत. हा लेखकाचा दोष म्हणावा की प्रकाराचा? बहुतांशी प्रकाराचाच. लोकप्रिय इतिहासकथन हेतूंवर जगते.

हेतू म्हणून तेलाचा पुरावा जेथे निर्विवाद आहे, अशी प्रकरणे आहेतच. मोहम्मद मोसाद्देक यांच्या पुढाकाराने १९५१ साली इराणच्या तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले. ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटिश व अमेरिकी गुप्तचर संस्थांच्या मदतीने त्यांना पदच्युत करण्यात आले आणि १९५४ मध्ये इराणी तेल ज्या संघाकडे गेले, त्यात अमेरिकी कंपन्यांचा वाटा ४० टक्के होता. यात साम्यवादाच्या भीतीचा भाग किती होता, यावर इतिहासकारांत वाद आहे, पण कथानक जुळते. इराकच्या बाबतीत ते तितके जुळत नाही. अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी २००७ च्या आत्मकथनात या युद्धामागे मुख्यतः तेल असल्याचे लिहून खळबळ उडवली खरी. परंतु २००९ मध्ये इराकने तेलक्षेत्रांचे लिलाव केले तेव्हा रुमैलाच्या करारात ब्रिटिश कंपनीबरोबर चिनी सरकारी कंपनी होती आणि पश्चिम कुर्ना क्षेत्राचा दुसरा टप्पा रशियन कंपनीच्या वाट्याला आला. रक्त एकाचे आणि कंत्राट दुसऱ्याचे. हेतू व फल यांत असे अंतर पडले की रहस्यकथा अडखळते. तेल म्हणजे सत्ता हे समीकरणच एक प्रकारची जादूटोण्यावरची श्रद्धा असल्याचा आक्षेप रॉबर्ट व्हिटॅलिस यांनी २०२० मध्ये घेतला, तो यामुळेच दुर्लक्षिता येत नाही. मात्र हेतूची कथा अपुरी ठरली म्हणून तेल निर्दोष ठरत नाही.

येथे आपल्या परंपरेतील कार्यकारणविचार उपयोगी पडतो. घट घडवणारा कुंभार हे निमित्तकारण आणि माती हे उपादानकारण, हा भेद दर्शनांच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. तेलयुद्धांचे लोकप्रिय कथन कुंभाराच्या मनात शिरते आणि मातीकडे पाहत नाही. वस्तुतः विसाव्या शतकात तेल हे युद्धाचे प्रयोजन होण्याआधी त्याचे उपादान झाले. ब्रिटिश आरमाराने कोळशाकडून तेलाकडे वळण्याचा निर्णय पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर घेतला आणि १९१४ मध्ये सरकारने अँग्लो-पर्शियन कंपनीचे ५१ टक्के भाग विकत घेतले. जहाजे तेलावर चालणार म्हणून तेल राखायचे, आणि तेल राखायला जहाजे धाडायची! या चक्रात हेतू कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण आहे. टिमथी मिचेल यांच्या 'कार्बन डेमॉक्रसी' (२०११) या ग्रंथाचे महत्त्व हेच की, तेलाचा विचार त्यांनी केवळ पैसा आणि कारस्थान म्हणून केला नाही. ते कोठून काढले जाते, कसे वाहून नेले जाते आणि किती माणसांच्या हातांतून जाते, यांवरून राजकारणाचे रूप ठरते, असे त्यांनी दाखवले.

तेलाच्या पहिल्या मोठ्या लष्करी मोहिमेत मराठी माणूस प्रत्यक्ष हजर होता, हे आपल्या साहित्यचर्चेत सहसा येत नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये शत-अल-अरबच्या मुखाशी फाव येथे जी हिंदी फौज उतरली, तिच्या पहिल्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. आबादानचा शुद्धीकरण कारखाना आणि तेथवर येणारी नळवाहिनी सुरक्षित राखणे हे या मोहिमेचे एक उद्दिष्ट होते. आखातातील शेखांवर वचक ठेवणे आणि तुर्कांच्या धर्मयुद्धाच्या हाकेला उत्तर देणे हीही उद्दिष्टे होती. पुढे मोहीम बगदादकडे सरकली. कुत-अल-अमारा येथे सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यांतील कित्येक कैदेत मेले. अन्नटंचाईमुळे घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली तेव्हा हिंदी शिपायांनी धर्माच्या व जातीच्या धाकाने दीर्घकाळ नकार दिला. एका कादंबरीला पुरेल एवढा संघर्ष या एका तपशिलात आहे.

या मोहिमेचा हेतू चालू घटनेतच बदलत गेला, ही बाब कथनमीमांसेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १९१४ साली आबादानच्या रक्षणापुरते असलेले तेल १९१८ च्या उन्हाळ्यात मंत्रिमंडळाचे सचिव मॉरिस हँकी यांच्या लेखी पहिल्या दर्जाचे युद्धोद्दिष्ट बनले, आणि त्याच वर्षी तुर्कस्तानशी युद्धविराम झाल्यावरही फौजा मोसुलपर्यंत गेल्या. फावला उतरलेला शिपाई कोणत्या हेतूसाठी लढला? जो हेतू त्याच्या मरणानंतर लिहिला गेला, त्यासाठी? 'तेलासाठी युद्ध' या वाक्याचा एकेरी भूतकाळ या प्रश्नाला जागा देत नाही.

बंगालीत या मोहिमेचे वाङ्मय आहे. शिशिर सर्वाधिकारी यांचे 'अभि ले बगदाद' हे कुतच्या वेढ्याचे व कैदेचे स्मृतिकथन १९५७ साली प्रसिद्ध झाले आणि घोष व शांतनू दास यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली. मराठीत या मोहिमेचा सर्वांत व्यापक लिखित अवशेष कोणता? महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीजवळ किंवा वेशीत बसवलेली ती दगडी पाटी: या गावातून महायुद्धात इतकी माणसे गेली, पैकी इतकी मेली. नाव नाही, देश नाही, शत्रू नाही, कारण नाही. फक्त दोन आकडे. हेतू संपूर्णपणे गाळलेले असे कथन दुसरे क्वचितच सापडेल. रहस्यकथेत हेतूच सर्वस्व असतो, पाटीत हेतूच नसतो. मराठी लेखन या दोन टोकांमध्येच अडकलेले दिसते.

दगडावरून आणखी एका दगडाकडे येता येते. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) ते पैठण रस्त्यावरील चितेगाव हे पैठण तालुक्यातील गाव दूरचित्रवाणी संच आणि शीतकपाटे बनवणाऱ्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे ओळखले गेले. कंपनीच्या अहवालांवर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता छापलेला असे तो असा: औरंगाबाद-पैठण रस्ता, चौदा किलोमीटरचा दगड, मौजे चितेगाव. याच पत्त्याच्या कंपनीकडे आंध्रच्या किनाऱ्याजवळील रव्वा तेलक्षेत्राचा २५ टक्के वाटा होता आणि उपकंपन्यांमार्फत मोझांबिकच्या रोवुमा खोऱ्यातील एका वायुक्षेत्राचा १० टक्के. २०१० पासून त्या क्षेत्रात वायूचे प्रचंड साठे सापडत गेले. २०१३ साली हा १० टक्के वाटा ओएनजीसी विदेश व ऑइल इंडिया या सार्वजनिक कंपन्यांनी २४७.५ कोटी डॉलरना घेण्याचे ठरवले. आणखी खरेदी होऊन तेथील भारतीय सार्वजनिक कंपन्यांचा एकत्रित वाटा ३० टक्क्यांवर गेला.

ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच किनाऱ्यावरील काबो देल्गादो प्रांतात सशस्त्र बंड सुरू झाले. दारिद्र्य, माणकांच्या खाणींवरून झालेली हकालपट्टी, धार्मिक कट्टरता, राजधानीकडून झालेली उपेक्षा, वायुप्रकल्पासाठीचे पुनर्वसन अशी कितीतरी कारणे अभ्यासक देतात. मार्च २०२१ मध्ये प्रकल्पाशेजारच्या पाल्मा शहरावर हल्ला झाला, एप्रिलमध्ये फ्रेंच चालक कंपनीने काम थांबवले आणि जुलैमध्ये रवांडाचे सुमारे एक हजार सैनिक व पोलीस मोझांबिकच्या निमंत्रणावरून उतरले. पाल्माचा परिसर हे त्यांचे एक मुख्य कार्यक्षेत्र होते. पुढे युरोपीय संघाने या फौजेसाठी निधी दिला.

येथे रहस्यकथेला खलनायक मिळत नाही. बंड सुरू होण्याच्या आधीच चितेगावच्या कंपनीने आपला वाटा विकला होता. तिच्यावर कोणताही युद्धहेतू लादणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कारखान्यात शीतकपाटाचे दार बसवणाऱ्या कामगाराच्या मनात आफ्रिकेचा किनारा असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही हितसंबंधांची साखळी अखंड आहे, आणि वाटा सार्वजनिक कंपन्यांकडे गेल्यावर तर ती प्रत्येक भारतीय करदात्याच्या दारातून जाते. हेतूविना हितसंबंध ही अवस्था पकडणारे कथनरूप मराठीत नाही, ही खरी अडचण आहे. जून २०१८ मध्ये कंपनीचे दिवाळखोरीचे प्रकरण न्यायाधिकरणात दाखल झाले. त्यानंतरच्या बातम्यांत चितेगाव बेरोजगारीचे गाव म्हणून आले, रोवुमा कर्जाच्या संदर्भात आले. पाल्मा तिसऱ्याच पानावर, परदेशच्या बातम्यांत.

मराठी समीक्षेनेही ही विभागणी पक्की केली आहे. देशीवादाने साहित्यकृतीचे मूल्य तिच्या भूमीत रुजण्यावरून ठरवले. त्या भूमिकेने नागर अनुकरणाला दिलेला तडाखा आवश्यक होता, परंतु रुजणे म्हणजे सीमित असणे असा तिचा अर्थ लागत गेला आणि गाव हे बाहेरच्या जगाचे केवळ बळी ठरले. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत कारखाना येतो तो गाव उद्ध्वस्त करणारा म्हणून; त्या कारखान्याच्या पत्त्याने गाव स्वतःच जगात कोठवर पोहोचले, हे विचारले जात नाही. पैठण परिसराला जायकवाडीच्या विस्थापनाचा अनुभव आहे. धरणाखाली गेलेले गाव आणि वायुप्रकल्पासाठी हलवलेले आफुंगी द्वीपकल्पावरील गाव यांची तुलना चितेगाव परिसरातल्या लेखकाला जितकी सहज सुचावी तितकी मुंबईच्या लेखकाला सुचणार नाही.

रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'ने १९७१ साली एका शिंप्याच्या कुटुंबाची कथा मराठवाडी बोलीत सांगताना एक गोष्ट करून दाखवली होती. त्यातील निवेदिका नवऱ्यावर ओढवलेल्या संकटामागील सारी गणिते जाणत नाही. ती जे पाहते तेवढेच सांगते, आणि वाचकाला तिच्यापेक्षा अधिक दिसत जाते. तेलाच्या कथनाला सर्वज्ञ निवेदकापेक्षा हा निवेदक जवळचा आहे. चितेगावच्या जुळणीपट्टीवर उभ्या राहिलेल्या, बंद फाटकाबाहेर थकलेल्या पगाराची वाट पाहिलेल्या माणसाला रोवुमा हा शब्द उच्चारताही येणार नाही कदाचित. पण ज्या विक्रीचा आकडा त्याने वर्तमानपत्रात वाचला, त्या आकड्याचे त्याने काय केले, कोणाला सांगितला, आपल्या पगाराशी ताडून पाहिला का, एवढे त्याच्या बोलीत लिहिता येते.